वीजखातं आणि रेंजखातं

मधल्या परीक्षकांच्या मिशा खालच्या ओठापर्यंत उतरलेल्या आहेत. ते बोलतात तेव्हा तोंड हलतं की नुसत्या मिशाच हलतात, हे समोरच्याला सांगता येत नाही.

*

भांड्यांच्या फळीमागे, जिथे हात घालायचा तर मनगट मुडपावं लागतं, तिथे एका लाल वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पट्टी दाताने तोडलेली आहे, कात्रीने नव्हे.

*

"माडीवरची खोली मी झाडून ठेवलीय. प्रत्येक भिंतीला सॉकेट आहे. माझं काही म्हणणं नाही, आपलं नुसतं सांगून ठेवते."

*

लॉऱ्या तोलायचा काटा बंद पडला की त्याच्या पत्र्याच्या फटींतून गवत उगवतं. ते कुणी तोलत नाही.

*

[कुणीतरी हसतं. कोण ते कळत नाही.]

*

आता हे ओळीने सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणेल, काय हे, एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही.

सुरुवात गाडीपासून. ही गाडी पूर्वी बेकरीचा माल पोचवायची. अजूनही ऊन चढलं की तिच्या पत्र्यातून भाजलेल्या पावाचा वास सुटतो आणि आतल्या माणसाला अवेळी भूक लागते. आता तिच्यात एक पलंग आहे, एक शेगडी आहे, छतावर आभाळाकडे तोंड करून पडलेली सोलरची काळी पॅनेलं आहेत, मागे काठीला बांधलेला ॲंटेना आहे, आणि एक नवरा-बायको आहेत. नवऱ्याचा जन्म नाटकाच्या रंगमंचावर दिवे लावण्यात गेला. कुणाच्या तोंडावर कधी उजेड टाकायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे त्याला झोपेतही सांगता येतं. बायको एका कचेरीत लघुलेखिका होती. कचेरी बंद झाली, बोटं मात्र चालू राहिली.

त्या बोटांवरच आता दोघांचं पोट आहे. दूरच्या एका गावात एक मुलगी कॉलेजात शिकते. तिला ऐकू येत नाही. तिच्या टेबलावर एक छोटा माइक असतो. वर्गात जे जे बोललं जातं ते त्या माइकमधून, इंटरनेटवरून, गाडीत बसलेल्या बाईच्या कानात येतं, आणि बाई ते तिथल्या तिथे टाइप करते. अक्षरं मुलीच्या टॅबवर उमटत जातात. शिक्षक बोलतात आणि श्वास घेतात न घेतात तोवर मुलीने वाचलेलं असतं. हे पहिल्या वर्षापासून चाललंय. दोघींनी एकमेकींना कधी समोरासमोर पाहिलेलं नाही. मुलगी तिला "कानमावशी" म्हणते. हे ऐकून नवरा रुसला. "मग मी कोण? मी नसतो तर कान चालला असता का?" बायकोने ते मुलीला कळवलं. दुसऱ्या दिवशी टॅबवरून उत्तर आलं, "बॅटरीकाकांना नमस्कार." त्या दिवसापासून तो बॅटरीकाका. आपणही त्यांना तेच म्हणू.

नुसते शब्द टाइप करून भागत नाही, हे मुलीने पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. कोण खोकलं, कोण हसलं, कुणाची खुर्ची करकरली, सगळं हवं. "लोक खोकून मगच खोटं बोलतात, मावशी. मला खोकला लागतो." म्हणून कानमावशी चौकटी कंसात टाकायची: [खोकतात]. [मागच्या बाकावर कुजबुज]. [शिक्षक हसतात, बाकी कुणी नाही]. आणि जे ऐकूच आलं नाही, तिथे इलाज नसायचा, तिथे लिहायचं: [अस्पष्ट].

*

गाडीतल्या संसाराच्या पहिल्या महिन्यात दोघांचं इतकं वाजलं की बाहेर उभ्या कुत्र्यानेही जागा बदलली. कारण एकच: वायरी. त्याने एक जोडली की तिने ती काढायची, तिने ॲंटेना वळवला की त्याने तो पॅनेलवर सावली पडते म्हणून परत फिरवायचा. शेवटी वाटणी झाली. वीज त्याची, रेंज तिची. दोन खाती, दोन मंत्री. एकाने दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं नाही. खुपसलं तर आठवडाभर भांडी.

वाटणी झाली तरी भूगोल काही बदलला नाही. रस्त्यावर राहणाऱ्याचा भूगोल असा: ऊन असतं तिथे रेंज नसते, रेंज असते तिथे झाडं असतात, आणि जिथे ऊन आणि रेंज दोन्ही असतात तिथे पाटी असते, "येथे वाहने उभी करू नयेत."

आणि एक करार होता. तो कानमावशीने गाडी घेण्याआधीच करून घेतला होता. मुलीपर्यंत पोचायचं एक वाक्य, एकच, गाडीपायी अर्धवट राहिलं, तर गाडी विकायची आणि वन्संची माडी गाठायची. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि दर रविवारी माडीवरची खोली झाडून झालेली असायची.

"अगं, पाहुणे आले की तुमचा पत्ता काय सांगू मी? सूर्य जिकडे जाईल तिकडे?"

"तसंच सांगा वन्सं. बरोबरच आहे."

"सूर्यफुलं मेली!"

*

[इथे मध्येच दोन लपवाछपव्या. एक त्याची, एक तिची. आधी त्याची.]

काही आठवड्यांपासून सकाळी उठून काका मीटर बघायचे आणि त्यांचं तोंड उतरायचं. रात्री सगळं बंद करून झोपलं तरी सकाळी बॅटरी असायला हवी त्याहून खाली. रोज. काकांनी मनाशी निदान करून टाकलं, बॅटरी म्हातारी झाली. आता बॅटरी तपासायची तर तपासणीचा वेगळा मीटर लावून काही मिनिटांचं काम. पण ज्याला निदान ऐकायचं नसतं तो डॉक्टरच्या दारावरून डोळे मिटून जातो. तपासली आणि खरंच गेलेली निघाली तर? तर बायकोला सांगावं लागणार. सांगितलं की ती म्हणणार, भरवसा नसलेल्या विजेवर मी त्या पोरीचे कान टांगून ठेवू? मग माडी. मग प्रत्येक भिंतीला सॉकेट. काकांनी मीटरवर फडकं टाकलं आणि ते दिवसा शेगडीवरचा पंखासुद्धा बंद ठेवू लागले.

आता तिची. त्याच सुमाराला रेंजने मान टाकली होती. शब्द तुटायचे. कानमावशीच्या पडद्यावर [अस्पष्ट] वाढत चालला. एक दिवस मुलीने लिहिलं, "मावशी, हा अस्पष्ट कोण आहे? वर्गात सगळ्यात जास्त तोच बोलतो." कानमावशी हसली, आणि हसून झाल्यावर तिने त्या दिवसाचे [अस्पष्ट] मोजले. पुढच्या बाजारात तिने एक बूस्टर घेतला. साबणाच्या वडीएवढा डबा, त्यावर एक हिरवा ठिपका. काठीवरच्या ॲंटेनाने पकडलेली मरतुकडी रेंज तो फुगवून देतो. पण तो दिवसरात्र वीज खातो. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचा खुराक मोजला असता, मग त्यावर प्रवचन दिलं असतं, मग तो परत करायला लावला असता. म्हणून काका पाणी भरायला गेले असताना तिने तो भांड्यांच्या फळीमागे बसवला आणि वीजखात्याच्या लाल वायरीला गुपचूप जोडून टाकला. इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं होतं, तेवढं जमलं तिला. रेंज ताठ उभी राहिली. [अस्पष्ट] वर्ग सोडून गेला.

म्हणजे बॅटरी म्हातारी नव्हतीच. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. आणि काकांना शिक्षा सुनावण्याचाही धीर होत नव्हता.

*

मुलीची तोंडी परीक्षा ठरली. डोंगरउताराची माती का सरकते, यावर तिने प्रबंध लिहिला होता. तीन परीक्षक, बंद दार, आणि टेबलावर माइक. नेहमीच्या वर्गात एखादं वाक्य निसटलं तर शेजारच्या मैत्रिणीच्या वहीत सापडतं. इथे शेजारी कुणी नव्हतं. मुलीने आदल्या दिवशी लिहिलं, "मधल्या सरांना मिशा आहेत, ओठ वाचता येत नाहीत. सगळी भिस्त तुमच्यावर. सगळं ठीक आहे ना?"

"ठणठणीत," कानमावशीने लिहिलं.

गावात जाऊन कुठेतरी प्लगजवळ बसता आलं असतं. पण गावात हॉर्न, दारं, माणसं. मिशांमधून येणारा आवाज त्यात बुडाला असता. म्हणून गाडी गावाबाहेरच्या बंद वजनकाट्यावर उभी केली. एके काळी इथे लॉऱ्यांची रांग लागायची. आता मोकळं मैदान, काट्याची काच फुटलेली खोली, आणि वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नाही.

संध्याकाळी जेवताना:

"उद्या पुरेल ना हो?"

"न पुरायला काय झालं? तुझं काय? रेंज?"

"फर्स्ट क्लास."

"मग झालं तर."

"अहो, पण आभाळ आलंय."

"आभाळ माझ्या खात्यात येतं. तू जेव."

झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर दोन मुठी होत्या, एका ताटापलीकडे एक.

*

सकाळी सूर्य ढगामागे होता, तो तिथेच राहिला.

कानमावशीने हेडफोन चढवले. एकदा ते चढले की तिच्यासाठी गाडी नाहीशी व्हायची. ती त्या दुसऱ्या खोलीत असायची, टेबलाखाली, सगळ्यांच्या पायांशी बसलेली. काकांनी बोलायचं नाही, शिंकायचंही नाही. फक्त खुणा.

पडद्यावर:

नमस्कार. बसा, बसा. [खुर्ची सरकते] प्रबंध आम्ही वाचलाय. चांगला आहे. [कागद] पण काही शंका आहेत. [मधले सर खोकतात]

मुलगी बोलू शकत होती, तिच्या सपाट, नीट जुळवलेल्या आवाजात. कानमावशीला तो आवाज पाठ होता. आज तो जरा उंच लागला होता. पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. मिशांचे सर बोलताना वाक्याचं शेपूट गिळायचे, पण बूस्टरने शेपूटही धरून आणलं. कानमावशीच्या बोटांना लय सापडली.

काकांनी फडकं उचलून मीटर बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ऊन नाही, पॅनेल थंड, आकडा उतरतोय. परीक्षा निम्मीही झाली नव्हती. त्यांनी कानमावशीच्या पुढ्यात हात फिरवला: इंजिन सुरू करू? इंजिन चाललं तर बॅटरी भरते. तिने न बघता मान डोलावली. काकांनी सुरू केलं. गाडी थरथरली. पडद्यावर लगेच उमटलं: तुमच्या मते या थरामध्ये [अस्पष्ट] आणि त्यामुळे [अस्पष्ट]. कानमावशीने अशी नजर टाकली की इंजिन आपोआप बंद पडावं. काकांनी ते घाईघाईने बंद केलं.

मग आता?

आता काकांनी ते केलं जे काही आठवडे आधी करायला हवं होतं. पुरेल की नाही हे देवावर सोडण्यापेक्षा तपासणीचा मीटर लावला. आधी दिव्यांचा फ्यूज काढला. मग पंख्याचा. मग पाण्याच्या पंपाचा. लॅपटॉप आणि राउटरचा फ्यूज तेवढा राहू दिला. आता त्या दोघांपुरतीच वीज जायला हवी होती. मीटरच्या काट्याने जास्त दाखवली. काकांनी डोळे बारीक केले. पुन्हा हिशेब केला. जास्तच. म्हणजे कुणीतरी पितंय.

कुणीतरी पितंय! म्हणजे बॅटरी मेलेली नाही!

माणसाला फाशीच्या दोरावरून उतरवून घेतलं तर तो जसा हलका होईल, तसे काका हलके झाले. बोटाने वायर चाचपत चाचपत ते निघाले. पलंगाखालून, दाराच्या कडेने, भांड्यांच्या फळीपर्यंत. मनगट मुडपून हात आत घातला. चिकटपट्टी लागली. आपल्या गाडीत आपली नसलेली चिकटपट्टी! त्यांनी मोबाइलचा उजेड टाकला. अंधारात एक हिरवा ठिपका त्यांच्याकडे बघत होता, मजेत, पोटभर जेवलेल्यासारखा.

पडद्यावर मिशांचे सर विचारत होते: बरं, आता असं सांगा, माती सरकण्याआधी ती काही खूण देते का? देत असेल, तर ती आपल्याला

काकांनी वायर उपटली.

*

ती

*

कानमावशीच्या कानात आधी काहीच आलं नाही. नुसती शांतता. परीक्षक विचार करतायत असं तिला वाटलं. [शांतता] असं टाइप करायला तिने बोट उचललं, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात ते गोल गोल फिरणारं चक्र दिसलं.

ती वळली. मागे बॅटरीकाका उभे होते. एका हातात डबा, त्याला लोंबणारी वायर, चेहऱ्यावर दिवाणखान्यात साप मारून आणलेल्या माणसाचा आनंद.

"सापडला! चोर सापडला! अगं, बॅटरीला काही झालेलं नाही, हा बघ, हा बसला होता आत, रोज रात्री..."

"लावा."

"अं?"

"परत लावा तो! बूस्टर आहे माझा! लावा!"

काका परत फळीपाशी वाकले. मग त्यांचे हात चालू लागले. जन्मभर ज्या हातांनी काळोखात वायरी जोडल्या, त्यांना आज उजेडात लाल कुठली आणि काळी कुठली ते कळेना.

"कधी घेतलास?"

"नंतर!"

"मला सांगायचं तरी."

"बॅटरीचं काय झालंय ते तुम्ही सांगितलंत?"

"ती बरी आहे म्हणून तर..."

"तुम्हाला आत्ता कळलं ती बरी आहे! जोडा!"

वायर जोडली. ठिपका लागला, पण लाल. त्याला टॉवर शोधायला वेळ लागतो, मांजराला आपलं पिल्लू शोधायला लागतो तसा. तो लुकलुकत राहिला. नवरा-बायको त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले. कानमावशीचे दोन्ही हात हवेतच होते, कळफलक धरल्यासारखे, आणि बोटं आपोआप हलत होती. गाळलेलं वाक्य ती स्वतःच पूर्ण करत होती. ती आपल्याला दिसते का. ती आपल्याला ओळखता येते का. ती आपल्याला कधी दिसते. शंभर शेवट होते. मुलीकडे एकही नव्हता.

ठिपका हिरवा झाला.

पडद्यावर, तुटलेल्या वाक्याखाली, मुलीने स्वतः टाइप केलेलं होतं:

?

मावशी?

मावशी

आणि खाली काही नाही.

कानमावशीने हेडफोन दाबून धरले. खोलीतून आवाज येत होता, पण कुणी बोलत नव्हतं. खरखर. थांबणं. पुन्हा खरखर. तिला समजायला क्षणभर लागलं. फळा. कुणीतरी फळ्यावर लिहीत होतं. मग पावलं. मग दुसऱ्या हाताची, जाडजूड, दाबून लिहिणारी खरखर.

तिने टाइप केलं: मी आहे.

मग: प्रश्न असा होता, ती आपल्याला

मग ते खोडलं, कारण पुढचं तिलाही माहीत नव्हतं. मग तिचं जे काम होतं ते करत राहिली:

[फळ्यावर लिहितात]

[पावलं]

[मुलगी लिहिते. बराच वेळ.]

[डावीकडचे परीक्षक "वा" म्हणतात, हळू]

[पुसतात]

[लिहितात]

तोंडी परीक्षा चालली होती आणि कुणाच्या तोंडून शब्द नव्हता. मिशांच्या सरांना लिहायची सवय नसावी. त्यांचे प्रश्न फळ्यावर आखूड होत गेले असावेत, कारण खरखर लवकर संपू लागली. शेपूट गिळायला तिथे वाव नव्हता. कानमावशी टाइप करत राहिली. खुर्च्या, श्वास, पुसणं, एक दबलेलं हसू. अखेर कुणीतरी टाळी वाजवली, एकाच माणसाची टाळी, आणि मग बाकीच्यांची. तिने लिहिलं, [टाळ्या]. मग मिशांचे सर स्वतःशीच, मोठ्याने म्हणाले, "अभिनंदन." तिने तेही लिहिलं. लगेच फळ्यावर तेवढ्याच लांबीची खरखर झाली.

मुलगी टॅबकडे बघतच नव्हती. फळ्यापाशी उभी असलेली मुलगी टॅबकडे कशाला बघेल?

*

"विकायची," कानमावशी म्हणाली.

"काय?"

"गाडी. करार म्हणजे करार."

काका शेगडीपाशी बसले होते. त्यांनी चहा ठेवला होता आणि तो उतू गेला होता, तरी ते बघत होते.

"करारात 'गाडीपायी' असं होतं," ते म्हणाले. "हे गाडीपायी झालं का?"

"वकिली करू नका."

"वकिली नाही गं. विचारतोय. माडीवर गेलो असतो तरी तू बूस्टर फळीमागेच ठेवला असतास. आणि मी तिथेही मीटरवर फडकं टाकलं असतं. गाडीने काय केलं बिचारीने? ती आपली उभी होती."

"म्हणजे चूक माझी."

"निम्मी. निम्मी माझी. गाडीची शून्य."

कानमावशीला हसू आलं आणि त्या हसण्याचा तिला राग आला. तिने चहा गाळला आणि त्याचा कप त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवला. भरल्या घरात माणूस चिडला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. गाडीत दुसरी खोली नसते. ती बाहेर जाऊन वजनकाट्याच्या पत्र्यावर उभी राहिली. पत्रा किंचित दबला, पण काट्याने काही सांगितलं नाही.

तिथेच तिला मुलीचा निरोप आला.

"पास झाले. आधी ते सांगते. आता दुसरं. मावशी, मला तुमचा राग आलाय. अक्षरं थांबली तेव्हा मला वाटलं सर विचार करतायत. मी टॅबकडे बघत शांत बसून राहिले. मग वर बघितलं तर तिघंही माझ्याकडे बघत होते. प्रश्न कधीच संपला होता. ते उत्तराची वाट बघत होते. त्यांना वाटलं मला येत नाही. मधल्या सरांच्या चेहऱ्यावर दया होती. ती तुम्हाला लिहून सांगता यायची नाही. मग मी उठून फळ्यावर लिहिलं की माझं कनेक्शन गेलंय, प्रश्न इथे लिहा. पुढचं बरं झालं. पण ती दया माझ्या डोक्यातून जात नाहीये. लाइन जाते हे मला कळतं. काल मी विचारलं होतं. तुम्ही ठणठणीत म्हणालात."

कानमावशीने आत येऊन ते काकांना वाचून दाखवलं. काका ऐकत होते तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"माझ्या नावाने लिही," ते म्हणाले. "लिही की काकांनी उपटली. तुझं नाव कशाला."

"आणि बूस्टर कुणी लपवला ते?"

"ते तू लिहू नकोस."

"पुन्हा तेच!" ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "खरं सांगा, बॅटरी कशी आहे?"

"खरं? आज सकाळपर्यंत मला माहीत नव्हतं. भीतीने बघितलीच नाही कधी."

"चला, बघू."

आणि पहिल्यांदाच उघडउघड रेंजखात्याने वीजखात्याच्या दप्तरात पाय ठेवला. तिने उजेड धरला, त्यांनी मीटर लावला. त्यांनी तिला काटा कसा वाचायचा ते दाखवलं. मग तिने त्यांना ॲंटेना कुठे वळवला की रेंज किती धावते ते दाखवलं. एकमेकांच्या खात्यात इतकं अज्ञान असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. "म्हणजे ही काठी माझ्या पॅनेलवर सावली टाकते ती काही हौसेने नव्हे तर?" काका म्हणाले. "हौसेने टाकत होते की," ती म्हणाली, "कालपर्यंत."

मग तिने मुलीला सगळं लिहिलं. बूस्टर, फडकं, हिरवा ठिपका, चोर सापडल्याचा आनंद, सगळं. करारही लिहिला. आणि शेवटी: "तूच सांग. गाडी विकू?"

उत्तर यायला संध्याकाळ झाली. तेवढ्या वेळात वन्संचाही फोन येऊन गेला, वार रविवार नसताना. काकांनी बहिणीला सगळं सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "तुम्हाला नवरा-बायको व्हायला बरीच वर्षं लागली म्हणायची."

मुलीने लिहिलं होतं: "घर घ्या नाहीतर गाडीत राहा, ते तुमचं तुम्ही बघा. माझ्यावर टाकू नका. मला एवढंच हवं आहे की रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, मला खरं कळवा. आज कान किती भरवशाचा आहे. काकांनी विजेचं सांगायचं, तुम्ही रेंजचं. चांगलं नसेल तर चांगलं नाही म्हणायचं. मी त्याप्रमाणे बसेन."

*

करार मोडला की पाळला, यावर दोघांचं एकमत झालेलं नाही. काका म्हणतात, कलम लागूच होत नव्हतं. कानमावशी म्हणते, गाडी जप्त आहे, फक्त तुमच्या ताब्यात ठेवलीय.

मुलीला नोकरी लागली. उतारांची पाहणी करणाऱ्या एका कचेरीत. तिथल्या पहिल्या बैठकीच्या सकाळी पुन्हा आभाळ भरून आलं होतं. गाडी एका तळ्याकाठी उभी होती. काकांनी मीटर बघितला. तोंडात आलेलं "न पुरायला काय झालं" त्यांनी गिळलं. ते गिळताना दिसलं.

"दुपारपर्यंत पुरेल," ते म्हणाले. "पुढचं मला सांगता येत नाही."

"असंच लिहू?"

"असंच लिही."

तिने शब्दन् शब्द लिहिलं. खाली आपलं जोडलं, "रेंज बरी आहे. वारा सुटला तर काठी हलते." हे लिहिताना कान तापले तिचे. इतक्या वर्षांत तिने दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं. कामाआधी स्वतःचं पहिल्यांदाच.

उत्तर आलं, "चालेल. दुपारनंतर माझं मी बघते."

कानमावशीने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते तिला लागलं. दुसऱ्यांदा तिने हेडफोन उचलले आणि चढवण्याआधी म्हणाली, "वन्संना फोन करा. दुपारी तुमच्या सॉकेटला येतो म्हणावं."

"एका दिवसापुरतं ना?"

"आभाळ तुमच्या खात्यात येतं. तुम्हीच सांगा."

काका दाराबाहेर गेले, वर बघितलं, आणि खरं तेच सांगितलं, की माहीत नाही. ती हसली. मग तिने हेडफोन चढवले आणि गाडी नाहीशी झाली.

[दार उघडतं. चार-पाच माणसं. कुणीतरी मुलीला बसायला सांगतं.]

पहिल्या वर्षापासून मुलीच्या दप्तरात, अक्षरं थांबली तर म्हणून, खडूचा एक तुकडा असायचा.